मदत हवी आहे: राजगड-तोरणा एका दिवसात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि धाकटी बहीण राजगड ते तोरणा डोंगरधारेने करायचं म्हणतोय. पहाटे गुंजवण्याहून चोरदरवाज्याने पद्मावती माची, तिथून संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून खाली उतरून धार धरायची आणि बुधला माचीवरून तोरण्यात शिरून वेल्ह्याला उतरायचं. दोन्ही किल्ले आम्ही वेगवेगळे पाहिलेत, मधली धार मात्र नवीन.

खरी काळजी वाटेची आहे. पाऊस नुकताच सरलेला असतो, गवत कमरेएवढं वाढलेलं, त्यात सोनकी फुललेली. दिसायला सुंदर, पण पायवाट त्यात बुडते आणि ढोरवाटा सगळीकडे फुटतात. अळू दरवाज्यापासून डांबरी रस्त्याच्या खिंडीपर्यंत वाट चुकण्यासारख्या नेमक्या जागा कुठल्या? झाडीत कुठे शिरायचं आणि कुठे धारेवरच राहायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

दुसरं, बुधल्याखालचा कातळ आणि शिडी. बहिणीला उघड्या कड्यावर दडपण येतं. तिथे दोर सोबत असावा का?

पाणी पद्मावती माचीवर भरून घेऊ. पुढे ऑक्टोबरचं ऊन अंगावर येणार, तेव्हा माणशी चार लिटर पुरेल ना? धारेवरच्या धनगरवाड्यात माणसं असतात का या दिवसांत?

अंधार साडेसहा-पावणेसातलाच पडतो. दुपारी किती वाजेपर्यंत खिंडीत पोचलो नाही तर तोरणा सोडून रस्त्याने खाली उतरावं? अलीकडे जाऊन आलेल्यांनी जरूर सांगा.