पाचट-तुराट्यांचं इंधन: एकच मोठा प्रकल्प की तालुक्यागणिक छोटे?

शिवारकर: माझं मत आधीच सांगतो, छोटे. पाचट स्वस्तच आहे, पैसा खातं ते भाडं. सुट्टं पाचट, म्हणजे उसाची वाळली पानं, घनमीटरला जेमतेम 50-60 किलो भरतं, दाबून ब्रिकेट, म्हणजे जळणाच्या घट्ट कांड्या, केल्या की 600 च्या पुढं. उसाचे आठ-दहा टन नेणाऱ्या ट्रॉलीत सुट्टं पाचट टनभर गेलं तरी पुष्कळ. बार्शीहून सोलापूरपर्यंत 70 किमी हवा ओढायला डिझेल जाळायचं? तिथंच दाबा, मग पाठवा.

गेटकेन: भाडं धरलंत, यंत्र बंद पडून राहण्याचा खर्च कुठाय? गळीत साधारण नोव्हेंबर ते मार्च, तुराट्याही त्यातच. एरवी छोटा उद्योजक बँकेचा हप्ता कशातून भरणार? साखर कारखान्याला चिकटून मोठा प्रकल्प काढा. बगॅस (उसाचा चोथा), प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी), वजनकाटा, वाहतुकीचे करार सगळं तयार. इथेनॉलचं असंच चाललंय ना, डिस्टिलरीतून टँकर थेट तेल कंपन्यांच्या डेपोत.

शिवारकर: टँकर गळ्यापर्यंत भरून जातो हो, पाचटाची ट्रॉली नाही. आणि सगळी भिस्त एका जागी ठेवली की काय होतं तेही पाहिलं. 7 डिसेंबर 2023 ला केंद्रानं उसाच्या रसाच्या इथेनॉलवर निर्बंध आणले, उठले ऑगस्ट 2024 मध्ये. तोवर हंगाम गेला.

गेटकेन: तुमच्या छोट्यांचा मोठा ग्राहक कोण? सोलापूरजवळच्या फताटेवाडीचं 1320 मेगावॉटचं एनटीपीसीचं वीजकेंद्र. तिथं कोळशाची भुकटी जळते, म्हणून लागतात पेलेट, म्हणजे बारीक गोळ्या, ब्रिकेट नव्हे. पेलेटला माल बारीक दळायचा, वाळवायचा. तो खर्च दहा ठिकाणी करणार?

माळरान: सगळं पाचट उचलायचं ठरवून बसलात की काय? खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात) कुजवणाऱ्याचं राहू द्या, पेटवून देणाऱ्याचंच घ्या. मग माल निम्माही भरणार नाही, त्यावर गणित मांडा. कडब्याचं तर नावच काढू नका.

बेलरवाला: बेलरनं शेतातच गठ्ठे बांधा, घनमीटरला दीडशे किलोपर्यंत जातात. उसाच्या रिकाम्या ट्रॉल्यांतून आणा.

गेटकेन: दादा, ट्रॉली कारखान्याकडं भरून येते, रिकामी गावाकडं जाते. उलटी दिशा!

बेलरवाला: हंगामात नाही म्हणत. गळीत संपलं की एप्रिल-मेमध्ये ट्रॅक्टर दारात उभेच असतात, भाडं उतरतं. तोवर गठ्ठे रानातच राहू द्या.

शिवारकर: हे मात्र पटतं. पेलेटचं यंत्र एका जागी, दाबणं गावोगाव.

गेटकेन: म्हणजे मोठा प्रकल्प आलाच की! बरं, गठ्ठ्यांची गंज कुणाच्या रानात रचणार, त्याला भाडं किती? एक ठिणगी पडली तर भरपाई कोण देणार? आणि अवकाळीसाठी ताडपत्रीचं बिल धरलंय का?