सर्बियन ‘मि’: मी, आम्ही की मला?

रानजाई

नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा महिन्यांपासून सर्बियातल्या नोवी सादला आहे. सर्बियन शिकायला घेतलंय. पुस्तकं मिळतात ती सगळी इंग्रजीवाल्यांसाठी लिहिलेली. दर दोन पानांनी एक चौकट: ‘हे विचित्र वाटेल, पण पाठ करा.’ त्यातल्या निम्म्या गोष्टी मला विचित्र वाटतच नाहीत. अडले आहे ते ‘मि’ या एवढ्याशा शब्दापाशी.

पहिल्या धड्यात ‘मि स्मो इझ इंदिये’ म्हणजे आम्ही भारतातले आहोत. चौथ्या धड्यात ‘ह्लादनो मि ये’, याचा अर्थ मला थंडी वाजतेय. परवा खालच्या पेकारात (बेकरीला इथे पेकारा म्हणतात) मी ऐटीत म्हटलं, ‘मि दायते बुरेक.’ मला बुरेक (सारण भरलेला, पापुद्र्यांचा भाजलेला पदार्थ) द्या, असं म्हणायचं होतं. काउंटरवरच्या बाई हसल्या, बुरेक बांधून दिला आणि हळूच म्हणाल्या, ‘दायते मि.’ मग हा ‘मि’ नक्की कोण आहे? आणि माझं काय चुकलं?

उंडगा

बेलग्रेडला चार वर्षं काढली आहेत, म्हणून आगाऊपणा करतो. हे दोन वेगळे शब्द आहेत. एक ‘मि’ म्हणजे आम्ही. तो ठसक्याने उच्चारतात आणि वाक्याच्या सुरुवातीला खुशाल येतो. दुसरा ‘मि’ म्हणजे मला. तो ‘मेनि’चा आखूड अवतार, त्याला स्वतःचा जोर नाही, त्यामुळे आधीच्या शब्दाच्या पाठुंगळी बसल्याशिवाय त्याला चालता येत नाही. तुमचं वाक्य बाईंच्या कानाला ‘आम्ही, द्या बुरेक’ असं काहीसं लागलं असणार. आणि आपल्या ‘मी’ला सर्बियनमध्ये ‘या’ म्हणतात. म्हणजे ‘मि’चे दोन अर्थ, पण त्यात ‘मी’ एकदाही नाही!

‘ह्लादनो मि ये’वर इंग्रजीवाले हमखास आपटतात. ‘मी आहे थंड’ अशी जुळणी करून ‘या साम ह्लादान’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस स्वभावाने थंड आहे. मराठीत कोणी ‘मी थंड आहे’ म्हणालं तर आपणही तेच समजू. आपल्याकडे थंडी मला वाजते, झोप मला येते, वाईट मला वाटतं. त्यांचंही तसंच: ‘स्पावा मि से’ म्हणजे मला झोप येतेय, ‘झाओ मि ये’ म्हणजे मला वाईट वाटतं. ‘स्विजा मि से’ म्हणजे मला आवडतं.

माझं सगळ्यात आवडतं वाक्य ‘पिये मि से काफा’. मला कॉफी प्यावीशी वाटतेय. प्रथमेत कोण आहे बघा: काफा. मी नुसता चतुर्थीत उभा आहे, कॉफीची वाट बघत. भूतकाळात ‘पिला मि से काफा’ होतं, तेव्हा क्रियापद कॉफीचं लिंग घेतं, पिणाऱ्याचं नाही. आपण नाही का चहा ‘प्यावासा’ आणि कॉफी ‘प्यावीशी’ म्हणत, पिणारा कोणीही असो. पुस्तकाने या एका गोष्टीवर अख्खा धडा खर्च केला होता. मला पाच मिनिटं पुरली.

खडूमास्तर

संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून राहवत नाही. रानजाई, शाळेत संस्कृत घेतलं असेल तर ‘मे’ आठवा. ‘मह्यम्’ (मला) आणि ‘मम’ (माझं) यांचं आखूड रूप. ‘मे’ आणि त्याच्या जोडीच्या ‘ते’ने (तुला, तुझं) वाक्य सुरू केलं की मी लाल पेन काढायचो. पाणिनीने ‘अपादादौ’ म्हणून ठेवलंय, म्हणजे पादाच्या (श्लोकाच्या चरणाच्या) आरंभी नको. ‘देहि मे’ (मला दे) चालेल, ‘मे देहि’ने आरंभ चालणार नाही. आता तुमच्या पेकारातल्या बाई काय म्हणाल्या? ‘दायते मि.’ एकवचनात ‘दाय मि’. देहि मे, दाय मि. लाल पेन न काढता त्यांनी तीच दुरुस्ती केली आणि वर बुरेकही दिला.

या बिनजोराच्या शब्दांना वाक्यात दुसरी जागा लागते, हे 1892 साली याकोब वाकरनागेल या स्विस पंडिताने मांडलं. पुढे संस्कृतचं मोठं व्याकरण लिहिणारा तोच. ग्रीक आणि संस्कृतात जे पोथ्यांतून शोधावं लागतं, ते सर्बियनमध्ये बाजारात ऐकू येतं.

रानजाई

मास्तर, अगदी लख्ख झालं! म्हणजे ‘साम’ (आहे) पण असाच का? पुस्तकात ‘या साम इझ इंदिये’ आहे, पण शेजारच्या आजी मला ‘या’ गाळायला सांगतात.

उंडगा

आजींचं ऐका. क्रियापदावरून कर्ता कळतो, मग ‘या’ कशाला? पण ‘या’ काढलात की ‘साम’ उघडा पडतो, म्हणून त्याला मागे सरकावं लागतं: ‘इझ इंदिये साम.’ ‘साम इझ इंदिये’ म्हणालात तर पुन्हा हसतील.

असे दोन-तीन आखूड शब्द एकत्र आले की त्यांची रांगही ठरलेली. ‘दाओ साम मु गा’, मी त्याला तो दिला. इथे ‘साम’ पुढे. पण ‘त्याने त्याला तो दिला’ म्हणताना ‘दाओ मु गा ये’, इथे ‘ये’ रांगेच्या शेवटी. बाकी सगळी सहायक क्रियापदं पुढे आणि हे एकटं मागे. कारण विचारत बसू नका, कानाला सवय होऊ द्या. इथे मराठीचा काडीचा उपयोग नाही.

शंकासुर

तुम्ही एवढं गोत जुळवताय, तर मग भूतकाळातला त्यांचा ‘ला’ आणि आपला ‘ला’ एकच का? ‘बीला’, ‘राडिला’, ‘पिला’. गेला, आला, प्याला. मला तर सख्खे भाऊ वाटतात.

खडूमास्तर

वाटतात, पण तेवढ्यावरून नातं लावू नये. आपला ल प्राकृतातल्या ‘इल्ल’ प्रत्ययाकडून आला, असं सर्वसाधारणपणे मानतात. त्यांचा ल स्लाव्ह भाषांतल्या जुन्या कृदंताचा. नातं हवंच असेल तर घरात शोधा. ‘देवेर’ म्हणजे नवऱ्याचा भाऊ, आपला दीर, संस्कृत देवृ. ‘स्नाहा’ म्हणजे सून, संस्कृत स्नुषा. ‘स्वेकार’ म्हणजे सासरा, संस्कृत श्वशुर. तोही फक्त नवऱ्याचा बाप. बायकोच्या बापाला ‘तास्त’ म्हणतात.

उंडगा

शंकासुरा, तुझ्या त्या ‘ला’ने माझी पुरती शोभा केली आहे. सुरुवातीच्या दिवसांत ऑफिसात कोणीतरी विचारलं, काल कुठे होतास? मी म्हणालो, ‘यूचे साम बीला उ झेमूनू.’ काल झेमूनला (बेलग्रेडचाच एक भाग) होतो. आपल्या कानाला ‘ला’ म्हणजे पुरुष, गेला-आला. तिथे ‘बीला’ म्हणजे बाई! पुरुषाने ‘बीओ’ म्हणायचं, कारण शेवटच्या ल चा ओ झालाय. महिनाभर मला सगळे ‘गोस्पोजा’, म्हणजे बाईसाहेब, म्हणत होते. त्यांचा ‘तो’ही असाच दगाबाज. तो नपुंसकलिंगी आहे, आपल्या ‘ते’सारखा. पुल्लिंगी हवा असेल तर ‘ताय’, स्त्रीलिंगी ‘ता’. बाकी लिंगं तीनच आहेत आणि ‘देते’ म्हणजे मूल हे आपल्या मुलासारखंच नपुंसक. इंग्रजीवाले त्यावरही डोकं धरून बसतात.

रानजाई

माझ्या तोंडी ‘बीला’ बरोबरच बसतं, सुटले! पण मला वाटतं आपण इंग्रजीवाल्यांची जरा जास्तच टर उडवतोय. माझ्या वर्गातली आयरिश मुलगी जिथे कधी चुकत नाही, तिथे मी रोज चुकते. ‘उ श्कोली’ म्हणजे शाळेत (असणं) आणि ‘उ श्कोलू’ म्हणजे शाळेत (जाणं). आपल्याला दोन्हीकडे ‘शाळेत’च. तिच्या भाषेत दोन्हींसाठी वेगळे शब्द असल्यामुळे ती आधी थांबून विचार करते. मी धडधडीत ‘ईदेम उ श्कोली’ म्हणते. बाई कपाळाला हात लावतात.

उलट कर्माच्या बाबतीत मी जिंकते. ‘वीदिम ग्राद’ म्हणजे मला शहर दिसतं. त्यात ‘ग्राद’ला काही झालं नाही. पण ‘वीदिम ब्राता’, मला भाऊ दिसतो, त्यात ‘ब्रात’चा ‘ब्राता’ झाला. का? तर तो जिवंत आहे. शहर बघ, पण भावाला बघ. हे कळायला मला चौकट लागली नाही. अर्थात बायकांच्या वाट्याला हा भेद नाही, क्न्यिगा (पुस्तक) असो की सेस्त्रा (बहीण), दोघींना ‘ऊ’: क्न्यिगू, सेस्त्रू.

उंडगा

कपाळाला हात कबूल. ‘ब्रात’ निघालाच आहे तर त्याचं संबोधनही ऐका: ‘ब्राते!’ बेलग्रेडची पोरं दर वाक्यात ‘ब्राते’ म्हणतात, मुलीलासुद्धा. आपल्याकडे भाऊचा ‘भावा’ झाला आणि नाक्यानाक्यावर पोचला, तस्साच. पुस्तकात संबोधन ‘जुनाट विभक्ती’ म्हणून शेवटच्या पानावर टाकलेलं होतं. रस्त्यावर पहिल्या दिवशी तेच कानावर पडलं.

रानजाई

ताजी खबर. आज पेकारात जाऊन ‘दायते मि बुरेक’ म्हटलं. बाई खूश. लगेच विचारलं, ‘सा सिरोम?’ चीजचा का? मी मान हलवली. पण बाहेर येऊन विचार करत बसले: चीजला ‘सिर’ म्हणतात, त्याचं ‘सिरोम’ झालं, म्हणजे ‘चीजसोबत’ तर तिथेच आलं. मग पुढे आणखी ‘सा’ कशाला?

खडूमास्तर

‘रामेण सह’ म्हणताना मला कधी विचारलं नाही ते?

रानजाई

नाही मास्तर. पाठ केलं होतं.