लॅपटॉप बंद पडला, पण फायली वाचल्या (किंवा नाही वाचल्या): तुमचे अनुभव लिहा

मिरग तोंडावर आलाय, म्हणजे आपल्याकडे लाइटीचा लपंडाव सुरू. परवा रात्री ती तीनदा आली-गेली आणि सकाळी माझा लॅपटॉप उठेना. बटणाचा दिवा लागतो, पंखा घुर्रऽ करतो, स्क्रीन मात्र काळीकुट्ट. आत चौथीच्या वर्गाचं निकालपत्रक. बॅकअप? असो.

चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. फरक नाही. मग भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो का?" लागत होता. म्हणजे मशीन जिवंत आहे, फक्त तोंड दाखवत नाहीये. माजघरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावली, विंडोजचं बटण आणि पी दाबून दोन-तीनदा पर्याय बदलले, आणि टीव्हीवर माझा डेस्कटॉप! फायली तेवढ्यात पेन ड्राइव्हवर घेतल्या. स्क्रीनची बिजागरीतून जाणारी केबल गेल्याचं नंतर कळलं. टोकाला हिरवा गंज होता. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, खिडकीचे गज टिकत नाहीत तिथे केबल काय टिकणार!

आता तुम्ही लिहा. काय बिघडलं, काय केलं, काय चुकलं तेही.
(धागाकर्ता मास्तर, गुहागर)

हापूसवाला, देवगड
ऐन एप्रिलमध्ये, पेट्या भरायच्या दिवसांत, विंडोज दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर येऊन अडकलं. रीस्टार्ट केलं की पुन्हा तिथेच. तालुक्याच्या गावातला दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारूया, तासाभरात देतो." सगळी गिऱ्हाइकं, पत्ते, कोणाचे किती डझन, सगळं त्या एका एक्सेलमध्ये डेस्कटॉपवर. लॅपटॉप काखेत मारून घरी परत आलो.

मग मुलीने एक युक्ती दाखवली. त्याच निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. काळ्या खिडकीत नोटपॅड एवढंच टाइप करून एंटर. नोटपॅड उघडलं की फाइल, ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडायचं. त्या छोट्या खिडकीत अख्खी डिस्क दिसते! फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट. दोन गोष्टी सांगतो. एक, तिथे सी ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असू शकतं. माझं डी झालं होतं, मी सी उघडून "सगळं गेलं" म्हणून घाम पुसत बसलो. दुसरं, कॉपी पुढे सरकतेय की नाही काही दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. हात लावायचा नाही, चहा पिऊन यायचं.

फोटोवाला, सावंतवाडी
माझा रस्ता उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारं फुकट लिनक्स). दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटू उतरवून रूफसने (पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करता यावं असा तो तयार करून देणारा प्रोग्राम) ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घातलं. लॅपटॉप चालू करताना एफ१२ (काही कंपन्यांत एफ९ किंवा एस्केप), पेन ड्राइव्ह निवडला, आणि 'ट्राय उबुंटू'. इन्स्टॉल नाही, ट्राय. इन्स्टॉलच्या वाटेने गेलात तर एका चुकीच्या क्लिकवर डिस्क पुसली जाते.

माझी डिस्क उघडली, पण फक्त वाचण्यापुरती. विंडोज पूर्ण बंद न होता झोपलेलं असलं, फास्ट स्टार्टअपमुळे बरेचदा असतंच, की लिनक्स त्यावर लिहायला देत नाही. घाबरू नका, आपल्याला लिहायचंच नाहीये. खरी पंचाईत पुढे. लग्नाचा व्हिडिओ ११ जीबीचा, बाहेरची डिस्क फॅट३२ (फायली ठेवायची जुनी पद्धत) केलेली, आणि तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. दुसरी डिस्क एक्सफॅट करून आणेपर्यंत नवरीच्या वडिलांचे सहा फोन.

तिसरं वर्ष बीएस्सी, दापोली
वरच्या दोन्ही युक्त्या माझ्या कामी आल्या नाहीत, कारण बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. मदरबोर्ड गेला होता. मेकॅनिकने एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) काढून केसिंगमध्ये घातली, दुसऱ्या लॅपटॉपला जोडली, तर ४८ आकडी किल्ली मागितली. मी ते कधी चालू केलंच नव्हतं! विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेकदा ते आपोआप चालू होतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. माझ्या खात्यात मात्र किल्ली नव्हती. दोन दिवस रडून झाल्यावर आईला आठवलं की लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने "मी सेट करून देतो" म्हणून स्वतःचाच ईमेल घातला होता. तो आता पुण्यात. नशीब, पासवर्ड त्याच्या लक्षात होता. चालू मशीनवर आजच आपली किल्ली पाहून वहीत लिहून ठेवा, ती वही लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण
२२ जुलै २०२१, चिपळूणचा महापूर. ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दुकानातले दोन लॅपटॉप पाण्याखाली. एक भावाने धुऊन, चार दिवस उन्हात ठेवून "सुकला असेल" म्हणत चार्जरला लावला. फट्. बोर्डाबरोबर डिस्कचं सर्किटही जळलं. दुसऱ्याला मी हात लावू दिला नाही. हार्ड डिस्कच्या डब्याला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळाचं पाणी आत गेलेलं असू शकतं. तशी डिस्क फिरवली की तबकडीवर ओरखडे, मग देवही काढू शकत नाही. ती मुंबईला डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवली. दुरुस्तीवाल्याकडे नाही, ते काम वेगळं. पैसे नव्या लॅपटॉपच्या निम्मे गेले, पण तीन वर्षांचे जीएसटीचे हिशेब आले. तांदळात बिंदळात पुरू नका, तांदूळ तेवढे फुकट जातात.

श्रीवर्धनहून
माझा किस्सा छोटा. निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) कित्येक दिवस लाइट नव्हती. आली तेव्हा लॅपटॉप ढिम्म. मेला समजून सोडून दिला, चार्जर मात्र लागलेलाच राहिला. संध्याकाळी सहज बटण दाबलं, चालू! बॅटरी तळाला गेली होती, बाकी काही नाही.

स्क्रू ड्रायव्हर, कुडाळ
दुरुस्ती हाच माझा धंदा, म्हणून राहवत नाही. गिऱ्हाईक आलं की मी पहिलं विचारतो, "तुमका मशीन होया की माल?" निम्म्यांनी याचा विचारच केलेला नसतो. मशीन मेला म्हणान आतला सगळा गेला, असा नाय होणा.

पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्यांत बरेच जण काळ्या स्क्रीनचे. बॅटरी सुटी करून रॅम काढायची, सोनेरी पट्टी शाळेच्या खोडरबराने पुसायची, परत घट्ट बसवायची. पाच मिनिटांचं काम, आणि लोक त्यासाठी नवा लॅपटॉप बघायला लागलेले असतात. मास्तरांच्या केबलचा गंज मी रोज बघतो, खारा वारा कोणाला सोडत नाही.

पण हार्ड डिस्क टक्-टक् वाजत असेल तर बंद करा. तेव्हाच. "अजून एकदा बघूया" म्हणून दहादा चालू केलेली डिस्क माझ्याकडे आणू नका, मला वाईट बातमी सांगायला आवडत नाही.

दशावतारवेडा, वेंगुर्ले
माझ्या फायली गेल्या. दुरुस्तीच्या पडद्यावर रीसेट निवडलं. 'कीप माय फाइल्स' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' असे दोन पर्याय आले, आणि मला वाटलं सगळं म्हणजे सगळा बिघाड काढतंय. आजोबांनी देवळात घातलेली गाऱ्हाणी (देवाला मोठ्याने केलेली विनवणी) होती, त्यांच्या आवाजात. डिस्क एसएसडी. ट्रिम होऊन, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा डिस्कने स्वतःच साफ करून, ती आतून रिकामी झाल्यावर कोणालाच काही काढता आलं नाही. "व्हय म्हाराजा" म्हणणारे इतर आवाज काकांच्या मोबाइलवर थोडे सापडले, आजोबांचे नाहीत.

धागाकर्ता मास्तर, गुहागर
वेंगुर्लेकर, वाचून थांबलो बराच वेळ. गावात त्या वेळी अजून कोणी रेकॉर्डिंग केलं असेल का, देवळातल्या मानकऱ्यांना एकदा विचारून बघा.

इकडे केबल कुरियरने यायची आहे, चार दिवस तरी लागतील. तोवर निकालपत्रक टीव्हीवरच भरतोय. रोज साडेसातला आई येऊन रिमोट हातात घेऊन उभी राहते, मालिका सुरू व्हायची वेळ असते.