रोहित्राच्या तेलात क्षरणकारी गंधक आढळल्यास पॅसिव्हेटर पुरेसा ठरतो का?

प्रश्न
आमच्याकडील एका रोहित्राच्या तेलाचा बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सहन करते याचे माप) उत्तम आहे, आम्लता कमी आहे आणि तेलात विरघळलेल्या वायूंच्या चाचणीतही काही वावगे दिसत नाही. तरीही प्रयोगशाळेने तेल क्षरणकारी ठरवले असून त्यात डीबीडीएस, म्हणजे डायबेन्झिल डायसल्फाइड हे गंधकयुक्त संयुग, सापडल्याचे कळवले आहे. पॅसिव्हेटर, म्हणजे तांब्याला संरक्षण देणारे द्रव्य, घालून भागेल, की तेलच बदलावे?

उत्तर १
वायूंच्या चाचणीवर विसंबू नका, कारण हा दोष बहुतेकदा वायूंची आगाऊ सूचना देत नाही. डीबीडीएस तांब्याशी संयोग पावून तेलात विरघळणारे संयुग बनवते, ते कागदात शिरते आणि तिथे उष्णतेने विघटित होऊन कॉपर सल्फाइड मागे ठेवते. हा थर विद्युतवाहक असल्याने तांब्याच्या गुंडाळीच्या वेढ्यांमधील कागदाची रोधकता खचत जाते आणि एक दिवस दोन वेढे जोडले जातात. आयईसी ६२५३५ या आंतरराष्ट्रीय मानकातील चाचणीत कागद गुंडाळलेली तांब्याची पट्टी तेलात बुडवून १५० अंश सेल्सिअसला ७२ तास ठेवतात; नंतर कागद उलगडला की आतल्या बाजूला शिशाच्या पेन्सिलीने घासल्यासारखी करडी चकाकी दिसते. ती एकदा पाहिली की शंका उरत नाही.

उत्तर २
वरील विवेचनाशी सहमत आहे; फक्त पॅसिव्हेटरबद्दल थोडे सांगतो. टोलिलट्रायझोल वर्गातील हे द्रव्य साधारणपणे १०० मिलिग्रॅम प्रति किलो या प्रमाणात घालतात. ते तांब्यावर पातळ आवरण धरते, पण डीबीडीएस नष्ट करत नाही आणि कागदात साचलेले सल्फाइडही काढत नाही. शिवाय ते हळूहळू खर्ची पडते, त्यामुळे त्याची पातळी ठराविक काळाने मोजावीच लागते. सुरुवातीला हायड्रोजन वाढलेला दिसला, तर घाबरून निष्कर्ष काढू नये. पॅसिव्हेटर घातल्यावर तसे काही वेळा होते.

प्रश्नकर्ता
टॅप चेंजरचे (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेचे) संपर्क चांदीचा मुलामा दिलेले आहेत. त्यांनाही हेच संरक्षण मिळेल का?

उत्तर २
भरवसा ठेवू नका. चांदीला मूलद्रव्यरूप गंधक अधिक बाधतो आणि तिथे या पॅसिव्हेटरचा उपयोग फारसा होत नाही. तांब्याची चाचणी उत्तीर्ण झालेले तेलही चांदी काळी करू शकते, म्हणून चांदीच्या पट्टीची वेगळी चाचणी मागवा. तेल बदलायचे ठरल्यास कागदात आणि वेढ्यांत मुरलेले जुने तेल नव्या तेलात उतरते, हे लक्षात घेऊन काही महिन्यांनी डीबीडीएस पुन्हा मोजा.