जुन्या कॅसेटी आणि गेमच्या सुरुवातीचे लोगो कापावेत का?

जुळे_सोलापूरकर:
नवी पेठेतल्या एका दुकानातून जुन्या व्हीएचएस कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. प्रत्येक पिक्चरच्या आधी येणारा व्हिडिओ कंपनीचा फिरता, चमचमता लोगो गायब! विचारलं तर म्हणे, "फालतू भाग काढलाय, साहेब." मला हे अजिबात पटलेलं नाही. कॅसेट कुणी काढली, त्या काळी पडद्यावर अक्षरं कशी फिरवायचे, हे त्या काही सेकंदांतच दिसतं. गेमचंही तसंच. सेगा कंपनीच्या १९९१ च्या 'सोनिक' या गेममध्ये सुरुवातीला 'सेऽगाऽ' अशी हाक येते. ४ मेगाबिटच्या कार्ट्रिजमधली (म्हणजे मशीनमध्ये खोचायच्या गेमच्या डबीतली) आठवा हिस्सा जागा तिनं घेतली, हे खुद्द प्रोग्रॅमर युजी नाका यांनी सांगितलंय. जागेची एवढी मारामार असताना मुद्दाम ठेवलेली गोष्ट फालतू कशी?

सात_रस्ता:
नाही पटलं. ती हाक मुळात सेगाच्या जपानी टीव्ही जाहिरातींतली आहे. म्हणजे पैसे मोजून गेम घेतलेल्या माणसाला पुन्हा जाहिरातच ऐकवली की! आणि आपल्या पिक्चरच्या कॅसेटी आठवा, ऐन मारामारीत खालून जाहिरातीची पट्टी सरकायची. तीही जपायची का? घरच्यांना पिक्चर बघायचाय, त्यांना तो लगेच सुरू झालेला हवा.

कार्ट्रिजवाला:
सात रस्ता, सगळेच लोगो शोभेचे नसतात ओ. निन्टेन्डो कंपनीचं हातात धरून खेळायचं मशीन, १९८९ चा गेमबॉय घ्या. चालू केला की निन्टेन्डोची अक्षरं वरून हळूहळू खाली येतात, मग 'टिंग' वाजतं. ती अक्षरं कार्ट्रिजमधून वाचलेली असतात. मशीन ती आपल्याजवळच्या नमुन्याशी ताडून बघतं आणि जुळली नाहीत तर तिथंच अडकतं. पिनांवर धूळ बसली की अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसायचा. कार्ट्रिज काढायचं, पुसायचं, परत लावायचं. पहिल्या प्लेस्टेशनवर पांढरा पडदा मशीनचा स्वतःचा, पण त्यानंतरचा काळा पडदा सीडी वाचली गेली तरच यायचा. कॉपी सीडी चालावी म्हणून चिप बसवलेल्या मशीनवर तशी सीडी लावली की आम्ही पोरं श्वास रोखून त्या काळ्या पडद्याचीच वाट बघायचो. हा भाग कापला तर ते मशीन कसं चालायचं हे पुढच्या पोरांना कळणार कसं?

सात_रस्ता:
तुम्ही माझाच मुद्दा मांडलात, दादा. हे कुलूप आहे, दुसऱ्या कंपन्यांना बाहेर ठेवायला लावलेलं. सेगानंही तेच केलं. कार्ट्रिजमध्ये 'सेगा' ही चार अक्षरं नसतील तर नवं मशीन गेम चालवत नसे, आणि असतील तर 'सेगाच्या परवान्यानं' असा मजकूर आपोआप झळकायचा. गेम बनवणाऱ्या अकोलेड कंपनीकडे परवाना नव्हता, तरी तिच्या गेमवर तो मजकूर दिसला. सेगानं तिच्यावर खटला भरला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं अकोलेडच्या बाजूनं निकाल दिला. अशा गोष्टीचं कौतुक मी करणार नाही.

जुळे_सोलापूरकर:
कौतुक नका करू, पण पुरावा तरी राहू द्या! लोगोच काढून टाकला तर हा खटला कशावरून झाला हे दाखवणार कशावर? पट्टीचंही तेच. त्या वर्षी बाजारात काय विकलं जात होतं ते तिच्यात दिसतं.

सात_रस्ता:
बरं, पूर्ण फाइल एका डिस्कवर ठेवा, त्याला माझी ना नाही. घरात लावायला मात्र मी कापलेलीच कॉपी देणार.