घरची बिअर तिसऱ्यांदा फसली, जाणकारांनी जरा बघा

उतू_गेलं
मंडळी, मी ह्यूस्टनला असतो. मे महिन्यापासून पाच गॅलनच्या किटवर तीन बॅच केल्या. पहिली मित्रांनी संपवली (मित्रच ते, काय बोलणार). दुसरीला बँडेजच्या पट्टीसारखा वास आणि तिसरी पेल एल (फिकट रंगाची बिअर) तर घशात नेलपॉलिश रिमूव्हरसारखी जळते, दोन ग्लासात डोकं धरलं. यीस्ट यूएस-०५ (एल बिअरचं कोरडं यीस्ट) वापरतो, आंबवायची बादली गॅरेजमध्ये असते कारण बायकोला घरात वास नकोय. तीनशे डॉलर बाजूला काढलेत, स्टेनलेसचा कॉनिकल फर्मेंटर (खाली निमुळतं आंबवायचं भांडं) घेऊ का?

मुरलेला_गडी
गॅरेज?? ह्यूस्टनचं?? जूनमध्ये??
कॉनिकल राहू दे रे बाबा. त्यात फक्त महागातली वाईट बिअर होईल. मी पण आधी भांडीच घेत सुटलो होतो, मोठा बर्नर, गार करायची तांब्याची कॉइल, आणि बिअर तशीच. फरक पडला तो तापमान धरल्यावर. विरजण लावताना दूध कोमट आहे ना बघतोच ना आपण, मग इथे यीस्टला ३५ डिग्रीत कशाला सोडायचं? यूएस-०५ ला १८ ते २० सेल्सियस दे. आणि हे बाहेरच्या हवेचं नाही, आतल्या वर्टचं (बिअर व्हायच्या आधीचं धान्याचं गोड पाणी), कारण आंबताना ते स्वतःच तापतं, खोलीपेक्षा तीनचार डिग्री सहज वर जातं. गरम झालं की यीस्ट जड अल्कोहोलं बनवतं, तुझी जळजळ तीच. पहिले तीनचार दिवस सांभाळलेस की निम्मी लढाई जिंकलास, नंतर २१-२२ झालं तरी चालतं.
पैसे घालायचेच तर जुना चेस्ट फ्रीझर आणि टेंपरेचर कंट्रोलर घे, सेन्सर बादलीला टेपने चिकटव. तोवर बादली घरातच, टबात पाणी घालून त्यात ठेव, वरून ओला टीशर्ट, समोर पंखा, सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बदल. गावठी आहे पण चालतं.
आणि वर्ट पुरतं गार झाल्याशिवाय यीस्ट टाकू नकोस, घाई मीही केलीये.

चमचाभर_साखर
+१. बँडेजचा वास बहुतेक पाण्याचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, क्लोरीन उकळून जातं पण क्लोरामाइन सहज जात नाही. पाच गॅलनला कॅम्पडेनची (क्लोरीन-क्लोरामाइन घालवणारी सल्फाइटची) पाव गोळी चुरून टाका, काही मिनिटांत काम होतं. ब्लीचने बादली धुताय का? असाल तर आजपासून बंद, स्टारसॅन (भांडी निर्जंतुक करायचं द्रावण) घ्या, फेस राहिला तरी खळखळून धुवायचं नाही.
अजून एक, बाटल्या कॅलेंडर बघून भरू नका. एअरलॉकचे (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) बुडबुडे थांबले म्हणून मी आठव्या दिवशी भरल्या, पण आत आंबणं चालूच होतं, आणि सासूबाई आलेल्या असताना रात्री दोनला कपाटात फट्ट! एकामागोमाग चार. त्यांना वाटलं सिलेंडर गेला. दोनतीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरचं (घनता मोजायचं साधन) रीडिंग सारखंच आलं तरच भरायच्या, म्हणजे १.०५० वरून १.०१० ला येऊन तिथेच थांबलं तर (साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल). बाटलीत फेस यायला पाच गॅलनला ११०-१२० ग्रॅम साखर बास, ती पण वजन करून.

द्राक्षबाग
मी नाशिकला. हे इथे करता येईल का?

मुरलेला_गडी
नाही हो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टरनी १९७८ ला सही केली तेव्हा केंद्राच्या कायद्यात हे बसलं, तरी मिसिसिपी आणि अलाबामात २०१३ उजाडलं.

थंडगार_नको
वहिनी गॅरेजवरच ठाम असतील तर उलटं करा, यीस्टच बदला. नॉर्वेच्या वोस भागातलं क्वाइक म्हणून यीस्ट आहे, ते ३५ ते ४० डिग्रीत मजेत आंबवतं, संत्र्यासारखा वास येतो आणि बॅच लवकर होते. तिकडचे शेतकरी पिढ्यानपिढ्या घरात वाळवून जपत आले, आपल्याकडे विरजण जपतात तसं. लागर (थंडीत आंबवायची बिअर) मात्र त्यात जमायची नाही.

उतू_गेलं
क्वाइकचं पाकीट मागवलंय. फ्रीझरचं बायकोला सांगितलं, म्हणाली घे, पण खालचा अर्धा भाग माझ्या आंब्याच्या रसाला.

चमचाभर_साखर
रस १८ डिग्रीला ठेवणार?? तोही आंबेल की हो, आधी त्यांना नीट सांगा 😀