संभाजीनगर ते नांदेड: अर्ध्या तासाच्या विमानाचा हिशेब

परभणीकर:
"संभाजीनगर ते नांदेड हवाई अंतर अवघे 215 किलोमीटर असून विमान ते अर्ध्या तासात कापेल, तरी ही सेवा सुरू होत नाही, हा मराठवाड्यावरील अन्याय आहे," ही पोस्ट काल वाचली आणि राहवले नाही. अंतराबद्दल वाद नाही. अर्धा तास मात्र कागदावरचा आहे. एटीआर हे लहान पल्ल्याचे पंख्याचे विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडत असले, तरी एवढ्या लहान पल्ल्यात बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो, आणि धावपट्टीपर्यंतची संथ चाल धरली तर पाऊण तासाच्या आत हिशेब बसत नाही. चिकलठाणा विमानतळावर तासभर आधी जाऊन बसायचे ते वेगळेच. लोहमार्ग तरी कुठे मोठा वळसा घेतो? संभाजीनगर ते परभणी 177 किलोमीटर आणि पुढे नांदेड साठेक, म्हणजे विमानाहून वीस-बावीस किलोमीटरच जास्त. आपले दुखणे अंतराचे नसून परभणीच्या पश्चिमेकडील एकेरी लाइनचे आहे.

नांदेडचा वकील:
पोस्ट माझीच आहे. आपण मध्यावर राहता, त्यामुळे ही गणिते आपल्याला सुचतात. गेल्या पावसाळ्यात सेलूला क्रॉसिंगसाठी गाडी पन्नास मिनिटे उभी होती. फलाटावरच्या चहावाल्याने किटली विसळली, स्टोव्ह पिशवीत घातला आणि तो घरी गेला, तरी सिग्नल लालच. संभाजीनगरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात माझ्या प्रकरणाचा पुकारा होऊन गेला आणि पक्षकाराला पुढची तारीख मिळाली. त्याला आपण 177 अधिक साठ समजावून सांगाल का?

परभणीकर:
हा दाखला माझ्याच बाजूचा आहे, आभारी आहे.

लातूरकर:
दोघेही सुखी आहात. आमच्याकडे विमानतळ आहे, नियमित प्रवासी विमान नाही. खंडपीठ 1981 पासून संभाजीनगरला, आणि तिथे रेल्वेने जायचे तर परळी-परभणीचा फेरा. वर विभागीय महसूल आयुक्तालयही नांदेडलाच हवे!

नांदेडचा वकील:
आयुक्तालयाचा विषय इथे कोणी काढला होता? मात्र काढलाच आहे तर ऐका: किनवटच्या माणसाने महसुली कामासाठी आधी नांदेडला यायचे आणि तिथून पुन्हा संभाजीनगर गाठायचे, हे ज्यांना खटकत नाही त्यांनी अन्यायाची भाषा करू नये.

लातूरकर:
मग उमरग्याच्या माणसाने नांदेडला यावे, असे आपले म्हणणे दिसते. नकाशा एकदा उघडून पाहावा.

जालनेकर:
आयुक्तालय बाजूला ठेवा. लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेतील पहिल्या मार्गांत 2017 साली नांदेड-हैदराबाद होते, सवलतीच्या तिकिटासह. ते चालवणारी कंपनीच पुढे बंद पडली. हैदराबादसारखे टोक असून ही गत, तर आपल्या दोन गावांमध्ये रोज सत्तर प्रवासी कोण भरणार? उलट ऑगस्ट 2025 पासून वंदे भारत नांदेडहून सुटते आणि सव्वातीन तासांच्या आसपास संभाजीनगरला पोहोचते. घरापासून घरापर्यंत मोजले तर विमान फार तर तासभर वाचवील.

नांदेडचा वकील:
तासभर वाचतो, एवढे तरी आपण मान्य केलेत! वंदे भारतने दोनदा गेलो, वेळेवर पोहोचलो, हेही नाकारत नाही. तिचे तिकीट प्रत्येक पक्षकाराला झेपत नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरलात.

परभणीकर:
पक्षकाराला वंदे भारत झेपत नाही आणि विमान झेपेल? परभणी-संभाजीनगर दुहेरीकरणाला जुलै 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. ते झाले की साध्या गाड्याही सेलूला खोळंबणार नाहीत.

नांदेडचा वकील:
मंजुरी मिळाली, हे मान्य. दुसरी लाइन माझी वकिली सुरू असेपर्यंत पूर्ण झाली, तर आपले परभणी-संभाजीनगर तिकीट मी काढीन. तोवर खंडपीठाची तारीख असली की आदल्या रात्रीच निघेन.